एका रात्रीची थंडी

माझा एक मावसभाऊ ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी राहतो आणि मी अमेरिकेत ह्यूस्टन शहरी. आम्हा दोघांचे वर्षातून दोन वेळा भांडण ठरलेले असे. एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत. मावसभावांच्या भांडणाला आजोळच्या जमिनीसारखे काही भारदस्त कारण असेल, असे वाचकांस वाटेल. पण आमच्या भांडणाचे कारण अगदीच हवेतले होते. आम्ही थंडीवरून भांडत असू. त्याचा हिवाळा जुलैत येतो, माझा जानेवारीत. त्यामुळे एकाने स्वेटर चढविला की दुसरा त्याची थट्टा करावयास मोकळा होई, आणि सहा महिन्यांनी त्या थट्टेची सव्याज परतफेड होई.

या भांडणाच्या मुळाशी खरे म्हणजे माड होता. आम्ही दोघेही दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका वाडीत वाढलो. ज्याचे लहानपण माडाखाली गेले, त्याला पुढे एक सवय जडते. तो कोठेही बिऱ्हाड करो, नव्या घराची खिडकी उघडली की बाहेर झावळ्यांचे काही दिसते का, हे तो आधी पाहतो. आंब्याची आठवण डोळ्यांपुढे उभी राहते. माडाची आठवण कानांत राहते. मध्यरात्री जाग यावी, बाहेर पाऊस कोसळतो आहे असे वाटून वाळत घातलेले कपडे काढावयास धावावे, आणि अंगणात पाहावे तो कोरडे ठक्क चांदणे! पाऊस नसतोच, झावळ्यांतून वारा जात असतो. हा फसवा पाऊस परदेशातल्या आपल्या अंगणात पाडावा, एवढीच आम्हा दोघांची महत्त्वाकांक्षा होती.

प्रथम दोघांनीही खरा नारळच रुजवून पाहिला. माझे रोप ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात असे काही तरारले, की दसऱ्यापर्यंत मी घरच्या शहाळ्यांच्या गोष्टी करू लागलो. संक्रांतीला त्याचा निकाल लागला. मावसभावाचे रोप एका रात्रीत गेले नाही. पर्थचा पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या ओल्या गारठ्यात ते दोन वर्षे रुसून बसले आणि मग गेले. माझा माड झटक्याने गेला, त्याचा क्षयाने. थंडी ही एक वस्तू नसून दोन आहेत, हा पहिला धडा आम्हाला तेव्हा मिळाला. एक थंडी अवचित घाव घालते, दुसरी हळूहळू झिजविते; आणि ज्याला एकीची सवय आहे तो दुसरीला तोंड देईलच असे नाही.

मग मावसभावाने मला क्वीन पामची गोष्ट सांगितली. हा ताडवर्गातला वृक्ष मूळचा दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिना या बाजूचा. पर्थमध्ये तो जुन्या बंगल्यांच्या आवारात जागोजागी दिसतो. उंच, सडसडीत खोड, वर पिसाऱ्यासारख्या लांब झावळ्या. नारळ तेवढा नाही. दुरून पाहिले तर माडच, आणि वारा सुटला म्हणजे डोळे मिटून तर खास माडच. "तुझ्याकडे हा जगणार नाही," असे त्याने वर जोडले. भांडण पुन्हा पेटावयास एवढे पुरे होते.

मी आकडे काढून बसलो. (येथले सारे आकडे सेल्सिअसचे आहेत.) पर्थ विषुववृत्तापासून सुमारे ३२ अंश दूर आहे, ह्यूस्टन तीसच्याही आत. वर्षभराचे सरासरी तापमान ह्यूस्टनचे २१ च्या आसपास, पर्थचे त्याहून दोनेक अंशांनी कमी. ऐन हिवाळ्यात रात्रीचे सरासरी किमान तापमान पर्थला सुमारे ८ अंश, ह्यूस्टनला साडेसहाच्या घरात. म्हणजे फरक अवघ्या दीड अंशाचा! उलट आमच्या उन्हाळ्याच्या रात्री दमट आणि उबदार. ताडमाडांना त्या फार मानवतात. मी मावसभावाला लिहिले, की तुझे गाव आणि माझे गाव ही सख्खी भावंडे असून त्यांतले थोरले माझे आहे. आणि २०१२ च्या वसंतात मागच्या अंगणात पुरुषभर उंचीचा क्वीन पाम लावून टाकला.

२०१६ साली आई आणि अप्पा आमच्याकडे चार महिने राहून गेले. झाड तोवर छपराच्या वर गेले होते. आईने त्याला पायथ्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "हा माड नव्हे रे. माडाचा मामेभाऊ दिसतो." अप्पांनी मात्र त्याचे नाते काढण्यात वेळ घालविला नाही. त्यांनी खोडावर थाप मारली, आळे उकरून पाहिले आणि माझ्या पत्नीकडे खडे मीठ मागितले. कोकणात माडाच्या मुळाशी मीठ घालतात, तसे ओंजळभर त्यांनी घातले. हे पाहुणे झाड त्या मिठाने बिचकेल की काय, अशी भीती मला वाटली. पण त्याला काही झाले नाही.

त्या वेळी अप्पांनी मला विचारले होते, "येथे थंडी किती पडते?" मी त्यांना माझी सरासरी सांगितली. ते म्हणाले, "ते झाले नेहमीचे. पण एखाद्या वर्षी?"

"एखाद्या वर्षी पडते जास्त. पण ते क्वचित."

अप्पा काही बोलले नाहीत. जन्मभर वाडी केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि मी त्याला कारकुनाचे उत्तर दिले होते.

'एखाद्या वर्षी' या दोन शब्दांत आमच्या दोन गावांतला सारा फरक भरला आहे, हे मला पुढे कळले. पर्थच्या दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत समुद्रच समुद्र आहे. ध्रुवाकडून निघालेली थंड हवा हजारो मैल उघड्या पाण्यावरून येता येता कोमट होते. म्हणून पर्थ शहराच्या वेधशाळेने २००६ च्या जूनमध्ये उणे ०.७ अंश नोंदविले, तो तिथला नीचांक ठरला. ह्यूस्टनच्या उत्तरेला काय आहे? कॅनडाच्या उत्तर टोकापर्यंत सपाट जमीन. रॉकी पर्वत आहे, पण तो दक्षिणोत्तर पसरलेला; आडवा पर्वत एकही नाही. ध्रुवाकडची हवा या उघड्या मैदानातून दोन दिवसांत मेक्सिकोच्या आखातावर येऊन धडकते. दुपारी सदऱ्यावर हिंडणारा मनुष्य संध्याकाळी कानटोपी शोधू लागतो. १८ जानेवारी १९३० रोजी ह्यूस्टनचा पारा उणे १५ वर उतरला होता.

हे आकडे वाचताना मला आपली दिल्ली आठवली. दिल्ली ह्यूस्टनच्याच सुमाराच्या अक्षांशावर आणि समुद्रापासून कोसो दूर. थंडीच्या बाबतीत तिने खरे म्हणजे ह्यूस्टनवर मात करावयास हवी. पण दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १९३५ च्या जानेवारीत नोंदलेला नीचांक आहे उणे ०.६. मुंबईत तर १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ वर आला, याचीच आठवण अजून काढतात. आपल्या माडांच्या डोक्यावर समुद्राचा हात आहे हे आपण जाणतो. पण त्यांच्या पाठीशी हजार मैलांवर हिमालय उभा आहे, हे वाडीतल्या कोणाच्या कधी मनातही येत नाही.

आखातावरच्या बाकीच्या गावांचीही हीच कथा. न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेला मोठे सरोवर आहे. तेथील हिवाळ्याच्या रात्री त्यामुळे थोड्या उबदार. तरी १८९९ च्या फेब्रुवारीत तेथे मिसिसिपी नदीतून बर्फाचे तुकडे वाहत समुद्राला मिळाले. गॅल्व्हस्टन हे तर बेटच. एरवी ह्यूस्टनहून तीन-चार अंशांनी उबदार. पण त्याच आठवड्यात तेथेही पारा उणे १३ वर गेला. आणि फ्लॉरिडातल्या संत्र्यांच्या बागाइतदारांना त्याच्या आधीच, १८९४-९५ च्या हिवाळ्यात, आणखी एक धडा मिळाला होता. डिसेंबरातल्या थंडीने झाडांची पाने गेली, पण खोडे वाचली. जानेवारी उबदार गेला; झाडांनी भरवशाने नवी पालवी फोडली, रस वर चढला; आणि फेब्रुवारीत दुसरी थंडी आली ती त्यांना मुळापर्यंत मारून गेली. पहिल्या थंडीने नव्हे, मधल्या उबेने त्यांचा घात केला.

अमेरिकेच्या कृषिखात्याचा एक नकाशा आहे. कोणते झाड कोठे लावावे हे त्यावरून पाहतात. प्रत्येक गावी दर वर्षीच्या सर्वांत थंड रात्रीचा आकडा घ्यावयाचा आणि अशा तीस वर्षांच्या आकड्यांची सरासरी काढावयाची, अशी त्याची रीत आहे. नकाशा मोठा उपयोगी आहे. पण त्यातही वाईट रात्रींची सरासरीच! झाडाला सरासरी रात्र कधी भेटत नाही. त्याला एकेक रात्र भेटते. आणि ताडमाडांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच निष्ठुर आहे. आंबा करपला तर तो खाली कोठेतरी डोळा फोडतो. माडाला शेंड्यात एकच कोंब असतो. तो गेला की खाली साठ हात खोड ठणठणीत असून उपयोग नाही.

माझ्या झाडाला नऊ वर्षांत ती रात्र भेटली नव्हती. २०१८ च्या जानेवारीत झावळ्या करपल्या. पण मधली सुरळी हिरवी राहिली आणि आषाढापर्यंत झाड पूर्ववत झाले. मी मावसभावाला विजयाचे पत्र पाठविले.

२०२१ च्या फेब्रुवारीत ती रात्र आली. वेधशाळेने चार दिवस आधी इशारा दिला होता. मी खोडाला जुन्या पद्धतीच्या, ऊब देणाऱ्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या, वर घोंगड्या बांधल्या. शिडीवर चढून सुरळीभोवती गोधडी लपेटली. ती आईने शिवलेली होती, हे पत्नीने खालून दोनदा सांगितले. सोमवारी पहाटे वीज गेली. आमचीच नव्हे, टेक्ससमधल्या लाखो घरांची गेली. अंधारात माळांचे दिवे विझले आणि माझा सारा बंदोबस्त निकामी झाला. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेच्या सकाळी, विमानतळावरच्या वेधशाळेत उणे १०.६ नोंदले गेले. पन्नास मैलांवरच्या गॅल्व्हस्टनमध्ये त्याच दिवशी उणे ६.७ होते. त्या चार अंशांत एका जातीच्या झाडांचे जगणे आणि मरणे मावते.

त्या रात्री आम्ही सारे एका खोलीत अंथरुणे एकत्र करून पडलो होतो. नळ फुटला होता. श्वासाची वाफ दिसत होती. बाहेर माणसे मरत होती. टेक्सस राज्याने पुढे केलेल्या गणतीत तो आकडा २४६ भरला. अशा वेळी मी मनात एका झाडाची काळजी करीत होतो, याची मला तेव्हा लाज वाटली आणि आजही वाटते. पण काळजी करीत होतो हे खरे.

हिमाने मेलेला ताड ताबडतोब मेलेला दिसत नाही. बर्फ वितळल्यावर झावळ्या आठवडाभर हिरव्याच होत्या. मग त्या गवताच्या रंगाच्या झाल्या. जाणत्यांनी सांगितले, की सुरळीचे पान धरून हलके ओढून पाहावे. हाताला अडले तर आशा आहे. मार्चमध्ये मी शिडीवर चढलो आणि ओढले. म्यानातून तलवार निघावी तसे ते अलगद हातात आले. त्याचे बूड कुजले होते आणि त्याला खवट नारळाचा वास येत होता. तरीही मी औषध ओतले आणि जूनपर्यंत वाट पाहिली. गल्लीतल्या साऱ्या क्वीन पामांची तीच गत झाली होती. आपल्याकडची शिंदी येथे 'सिल्व्हेस्टर' असे नाव घेऊन मोठ्या किमतीला विकली जाते. त्या भारदस्त शिंद्यांपैकीही अनेक रस्तोरस्ती करपून उभ्या होत्या. टेक्ससच्या दक्षिण टोकाचा जो गावठी सेबल, पंख्यासारख्या पानांचा, ज्याच्याकडे आमच्यापैकी कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तो तेवढा काही न झाल्यासारखा उभा होता.

झाड तोडले. पण ही गोष्ट मी आईला सांगितली नाही.

त्याचे कारण आदल्या वर्षात होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोलीच्या बाजूच्या माडा-पोफळींच्या बागाही त्याने झोपविल्या. अप्पांची चाळीस वर्षांची वाडी एका दुपारी आडवी झाली. हिमालय आणि समुद्र यांनी ज्यांना थंडीपासून राखले, त्यांचा समुद्रावरच्या वाऱ्यानेच घास घेतला. वादळानंतर आठव्या दिवशी अप्पांनी बाणवलीची रोपे सांगून ठेवली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! माड फळाला यावयास सहा-सात वर्षे लागतात, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. रोपे लागली आणि श्रावणात अप्पा गेले. परदेशची नियमित विमाने तेव्हा बंद होती. मी गेलो नाही. जाता आले नाही असे लोक म्हणतात. मी गेलो नाही एवढेच मला आठवते.

त्यानंतर दर रविवारी फोनवर बोलताना आई शेवटी म्हणे, "तुझ्या माडाचा आवाज ऐकव जरा. येथे आता काही वाजत नाही." मी अंगणात जाऊन फोन वर धरीत असे. फेब्रुवारीनंतर ती विचारी, "माड बरा आहे ना?" मी म्हणे, "बरा आहे." वारा नाही, पाऊस आहे, अशी काहीतरी सबब सांगून मी आवाजाचे टाळीत असे. अप्पांनी मीठ घातलेले झाडही गेले, हे तिला कसे सांगावे, हे मला सुचेना.

अखेर गणपतीच्या दिवसांत सांगितले. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. शिमग्यापासून तू आवाज ऐकविला नाहीस." मग थोडे थांबून तिने विचारले, "किती वर्षे होता?"

"नऊ."

"मग नऊ वर्षे होता, असे म्हण. ह्यांची वाडी चाळीस वर्षे होती. वादळ एक दुपार होते."

मी सहा महिने मावसभावाला आणि स्वतःला एकच गोष्ट पढवीत होतो: सरासरी खोटी, वाईट रात्र तेवढी खरी. आईने माझा हिशेब उलटा करून माझ्या हातात दिला. मरण एका रात्रीवर ठरते यात शंका नाही. झाड निवडताना ती रात्र विचारलीच पाहिजे, आणि अप्पांनी ती विचारलीही होती. पण झाड जगते ते बाकीच्या सगळ्या रात्रींवर. नऊ वर्षे त्याच्या सावलीत मुले खेळली, नऊ वर्षे फसवा पाऊस पडला. ते एका पहाटेने पुसले जात नाही. श्रावणातल्या त्या एका रात्रीवरून मी इतके दिवस स्वतःची जी किंमत करीत आलो होतो, तीही मला त्या दिवशी पुन्हा करून पाहावीशी वाटली. त्या रात्रीचे माझे देणे फिटले असे मी म्हणत नाही. पण तिच्यामागे चार दशकांचे रविवार आणि सुट्ट्या होत्या, आणि अप्पांनी त्या मोजल्या असतील, असे मानावयास मी शिकतो आहे.

पुढच्या वसंतात मी दोन रोपे लावली. एक सेबल; तो फार सावकाश वाढतो, पण ती रात्र पुन्हा आली तर उभा राहील. दुसरा क्वीन पामच. पत्नीने विचारले, "कळूनसवरून?" मी म्हटले, "कळूनसवरून." दोघांच्याही मुळाशी ओंजळभर मीठ घातले.

२०२५ च्या जानेवारीत ह्यूस्टनला पुन्हा बर्फ पडले. त्या रात्री वीज गेली नाही. माळांचे दिवे पहाटेपर्यंत जळत राहिले. सकाळी मावसभावाचा फोन आला. त्याच्याकडे उन्हाळा भरात होता आणि थट्टेचा हक्क नियमाने त्याचा होता. पण त्याने एवढेच विचारले, "रात्री किती उतरला होता?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "काढील."

क्वीन पामने तो हिवाळा काढला. झावळ्या गेल्या, सुरळी राहिली. रोप अजून लहान आहे. वारा आला तरी त्याला आवाज नाही. आई म्हणते, येईल.